आधी हिशेब, मग ऐक्य

(रेणापूर येथील बुद्धविहारात आश्विन पौर्णिमेला झालेले प्रवचन)



आज आश्विन पौर्णिमा. वर्षावास संपला. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने आपण या विहारात रोज सायंकाळी जमलो, परमपूज्य बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन केले. पाऊस असो, शेतातले काम असो, आमच्या माताभगिनी कंदील-बॅटरी घेऊन आल्या. आज ग्रंथसमाप्ती झाली. थोड्या वेळाने खीरदान होईल. रिवाजाप्रमाणे त्याआधी चार शब्द बोलावयास मी उभा आहे.

या दिवसाला धम्मात एक जुने नाव आहे. ते म्हणजे पवारणा. समोर नुकतीच दीक्षा घेतलेली काही कुटुंबे बसली आहेत. त्यांच्या कानी हा शब्द आला नसेल. पण जुन्यांनी तरी तो कोठे ऐकला आहे? आपण खीर तेवढी लक्षात ठेवली आणि पवारणा विसरलो. वर्षावासात भिक्खू तीन महिने एका ठिकाणी राहत. तो संपला की निघण्यापूर्वी सारा संघ एकत्र बसे आणि प्रत्येक भिक्खू, मग तो कितीही वयोवृद्ध असो, हात जोडून संघाला म्हणे की, माझ्याकडून काही चुकलेले आपण पाहिले असेल, ऐकले असेल, किंवा आपल्याला तशी शंका आली असेल, तर कृपा करून मला सांगा. मला ते दिसले की मी सुधारीन. पाहिलेले, ऐकलेले, शंकेचे, अशा तिन्ही वाटा मोकळ्या ठेवलेल्या. 'आधी पुरावा आण, मग तोंड उघड' असे नाही.

आणि हे केवळ लहान भिक्खूंनी म्हणावयाचे होते असे समजू नका. श्रावस्तीच्या पूर्वारामात, विशाखेने बांधलेल्या प्रासादात, पाचशे भिक्खूंसमोर स्वतः तथागतांनी विचारले की, माझ्या वागण्यात किंवा बोलण्यात तुम्हांला काही दोष दिसतो काय? सारिपुत्त उठले आणि म्हणाले की, भन्ते, आम्हांला दोष दिसत नाही. आणि लगेच त्यांनी स्वतःविषयी तोच प्रश्न तथागतांना केला. संयुत्त निकायात हे आले आहे. जगात कोणत्या धर्मसंस्थापकाने आपल्या शिष्यांना जमवून असा प्रश्न विचारला? मला तरी ठाऊक नाही.

आता आजच्या विषयाकडे येतो. मागच्या रविवारी वाचन संपल्यावर एक म्हाताऱ्या उपासिका थांबल्या. हत्ती ही आपली निशाणी होती तेव्हापासून त्या मत देत आल्या आहेत. त्या मला म्हणाल्या, "गुरुजी, आपल्याच माणसाला चारचौघांत इचारलं की समाज फुटतो म्हणत्यात. खरं हाय का?" मी त्यांना म्हणालो, "आई, पौर्णिमेला सांगतो." आठवडाभर मी या प्रश्नाचाच विचार केला. कारण हे वाक्य मी स्वतः लहानपणापासून ऐकत आलो आहे. सभेत तरुणाने हात वर केला की मागून कोणीतरी त्याचा सदरा ओढतो, "बस खाली, बाहेरची माणसं बघतात." आपल्या पुढाऱ्यांना प्रश्न विचारणे म्हणजे शत्रूच्या हाती कोलीत देणे, अशी आपली समजूत झाली आहे.

याला उत्तर विनयपिटकात आहे, कोसंबीच्या प्रकरणात.

कोसंबी नगरीत घोषितारामात दोन विद्वान भिक्खू राहत. एक विनयाचा जाणकार, दुसरा धम्माचा उत्तम प्रवचनकार. अट्ठकथाकार सांगतात, प्रवचनकाराने शौचास जाऊन उरलेले पाणी भांड्यात तसेच ठेवले. विनयाच्या जाणकाराने चूक दाखविली. प्रवचनकार म्हणाला, चूक असेल तर मी कबूल करतो. तो म्हणाला, मुद्दाम केले नसेल तर चूक नाही. गोष्ट तेथेच मिटावी की नाही? पण नंतर त्याने आपल्या शिष्यांना सांगितले की त्या प्रवचनकाराला आपली चूकही कळत नाही. शिष्यांनी शिष्यांना टोमणे मारले. एका पक्षाने दुसऱ्याला संघातून निलंबित केले. दोन तट पडले. शेवटी हातघाईपर्यंत गोष्ट गेली. तांब्याभर पाणी आणि संघाचे दोन तुकडे!

तथागतांनी समजावले. त्यांनी ऐकले नाही. उलट म्हणाले, भगवंतांनी स्वस्थ बसावे, या भांडणाचे आम्ही पाहून घेऊ. तेव्हा तथागत एकटेच पात्र-चीवर घेऊन निघाले आणि पारिलेय्यकाच्या वनात जाऊन राहिले.

आता कोसंबीच्या उपासकांनी, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या प्रापंचिक माणसांनी काय केले ते नीट ऐका. ते भांडणात पडले नाहीत. 'मी विनयवाल्यांचा, तू प्रवचनकाराचा' असे त्यांनी आपसांत वाटून घेतले नाही. त्यांनी आपसांत ठरविले की, या भिक्खूंनी आपले मोठे नुकसान केले आहे, यांच्यामुळे भगवंत आपल्याला सोडून गेले. आजपासून यांना वंदन करावयाचे नाही, ते आले तर उठून उभे राहावयाचे नाही, हात जोडावयाचे नाहीत आणि भिक्षा वाढावयाची नाही. बस. शिवी नाही, दगड नाही. फक्त हात आखडता घेतला. रिकामे पात्र घेऊन परतावे लागले तेव्हा त्या विद्वानांचे डोळे उघडले आणि ते भांडण मिटविण्यासाठी श्रावस्तीला तथागतांकडे गेले.

मग आई, संघ कोणी फोडला होता? प्रश्न विचारणाऱ्या उपासकांनी? संघ फोडला तो पुढाऱ्यांनी. उपासकांनी तो सांधण्यास भाग पाडले.

आता आपल्या कोसंबीकडे पाहू. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. एन. शिवराज पहिले अध्यक्ष झाले. दोन-तीन वर्षे होतात न होतात तोच 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे शब्द कानी येऊ लागले. एका बाजूला शिकलेले, वकिली केलेले. दुसऱ्या बाजूला दादासाहेब गायकवाडांसारखे धोतर नेसणारे, खेड्यापाड्यांत फिरणारे. विनयाचा जाणकार आणि प्रवचनकार! मी कोणाची टिंगल करीत नाही. दादासाहेबांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ रोजी भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला, लोकांनी तुरुंग भरले. मराठवाड्यातील गायरानांचा प्रश्न देशापुढे गेला तो त्या माणसामुळे, हे विसरणारा कृतघ्न होय. पण पुढे १९६७ साली याच दादासाहेबांच्या गटाने जिल्हा परिषदांच्या निवडणुकीत काँग्रेसशी समझोता केला. मग गायकवाड गट, खोब्रागडे गट, कांबळे गट, गवई गट. समझोता करणे बरोबर की चूक यावर माझे आज काहीच म्हणणे नाही. समझोत्यात काय दिले, काय घेतले, हे ज्यांच्या मतांवर तो झाला त्यांना कोणी येऊन सांगितले काय, एवढेच मला विचारावयाचे आहे.

हा व्यवहार कसा चालतो ते आमच्या नव्या बंधूंना उलगडून सांगितले पाहिजे. आपल्या तालुक्यात काय किंवा लातूर ग्रामीण मतदारसंघात काय, एकट्या आपल्या मतांवर कोणी आमदार होत नाही. पण अटीतटीच्या लढतीत आपली मते ज्याच्या पारड्यात पडतील तो निवडून येतो. म्हणून मोठे पक्ष आपल्या पुढाऱ्याला बोलावतात. पुढारी म्हणतो, "माझ्यामागे इतकी मते आहेत." ही 'माझ्यामागची' मते म्हणजे तुम्ही. तुमच्या नावावर बोलणी होतात. त्यातून कोणाला विधान परिषद मिळते, कोणाला महामंडळ, कोणाला कमिटी. मिळू द्या, आपला माणूस वर गेला तर आनंदच आहे. पण शेतकरी अडत्याकडे माल घालतो तेव्हा पट्टी मागतो की नाही? किती क्विंटल भरले, काय भाव लागला, हमाली किती कापली, हातात किती पडले? मोंढ्यात सोयाबीनच्या पोत्याची पट्टी मागणारा माणूस आपल्या मताची पट्टी मागत नाही, याचे मला नवल वाटते.

आणि हे मत फुकट मिळालेले नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांची किंमत कोणी मोजली? शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना १९७८ साली जिवंत ठेवले गेले नाही. नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडला स्वतःला जाळून घेतले. आपल्या भागात किती घरे जळाली, किती कुटुंबे रानात लपली, हे येथे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना मी सांगावयास नको. एवढी किंमत ज्यांनी दिली त्यांनी हिशेब मागितला तर तो उद्धटपणा कसा?

तुम्ही म्हणाल, आम्ही मागितले नाही असे कसे म्हणता? आम्ही तर घसा कोरडा पडेपर्यंत ओरडलो, "ऐक्य करा, ऐक्य करा!" खरे आहे. आपण ऐक्य मागितले. तेवढेच मागितले. माझ्या मते आपली चूक येथेच झाली.

कोसंबीच्या कथेचा शेवट फारसा कोणी सांगत नाही, तो आज सांगतो. भांडण मिटल्यावर उपाली स्थविरांनी तथागतांना प्रश्न केला की, ज्या गोष्टीवरून संघात फूट पडली त्या गोष्टीचा निकाल न लावता, मुळापर्यंत न जाता संघाने ऐक्य केले, तर ते ऐक्य धम्माला धरून आहे काय? तथागत म्हणाले, नाही उपाली, ते ऐक्य धम्माला धरून नाही. निकाल लावून, मुळापर्यंत जाऊन केलेले ऐक्य तेवढेच धम्माचे. कोसंबीत तसे झालेही. ज्याला निलंबित केले होते त्या भिक्खूने स्वतः विचार केला, आपली चूक झाली होती हे मान्य केले, आणि मग संघ एक झाला. आधी हिशेब, मग ऐक्य. हा क्रम उलटा करता येत नाही.

आपण तो उलटा केला. १९९५-९६ च्या सुमारास जनतेच्या रेट्याने गटांचे पुढारी एका व्यासपीठावर आले. लोक आनंदाने रडले. मीही त्यांत होतो. कोणी विचारले नाही की बाबांनो, इतकी वर्षे वेगळे का होता? कोणत्या प्रश्नावर? तो प्रश्न आता सुटला काय? उद्या पुन्हा तोच प्रश्न आला तर निर्णय कोण घेणार, कोणत्या सभेत, कोणाला विचारून? हारांच्या गर्दीत हे विचारावयाचे राहून गेले. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसशी समझोता होऊन चार खासदार निवडून आले. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, मुंबई उत्तर-मध्यमधून रामदास आठवले. चारही जागा खुल्या, राखीव नव्हेत. हे मोठे यश होते. आणि १९९९ च्या निवडणुकीला सामोरे जाताना पुन्हा वाटा वेगळ्या. वर्ष-दीड वर्षात! चौघांपैकी दोघे पुन्हा निवडून आले, दोघे पडले. पुढचे तुम्हांला ठाऊक आहे. २०११ मध्ये एक गट शिवसेना-भाजपबरोबर गेला, २०१८ मध्ये वंचित बहुजन आघाडी उभी राहिली, बाकीचे आपापल्या जागी आहेत. आपल्या एकाच गल्लीत चार झेंडे लागतात. कोणता झेंडा खरा हे सांगण्यासाठी मी उभा नाही, आणि विहारात तसे सांगू नये या मताचा मी आहे.

काही बंधू म्हणतील की पुढारी म्हणजे आमचे दैवत. येथे मला थोडे कडक बोलावे लागेल. हे गाव रेणुकादेवीच्या नावाचे. आपल्या आजोबा-पणजोबांनी देवीपुढे, मरीआईपुढे, खंडोबापुढे लोटांगणे घातली. देवाने काय दिले, काय नेले, असे विचारण्याची सोय नव्हती. देव हिशेब देत नाही. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव्हारे रिकामे केले. आणि त्या रिकाम्या देव्हाऱ्यात पुढाऱ्याचे कॅलेंडर टांगले! २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी सांगितले होते की धर्मात भक्तीने आत्म्याची मुक्ती होत असेलही, पण राजकारणात भक्ती म्हणजे अधःपतनाची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट. कोणी कितीही मोठा असो, आपले स्वातंत्र्य त्याच्या पायी वाहू नका, असे बजावले होते. बोलून थांबले नाहीत. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला. संसदेत निवेदन करावयास निघाले तर त्याची प्रत आधी द्या असे सांगण्यात आले. त्यांनी ते मानले नाही, सभागृहाबाहेर पडले आणि १० ऑक्टोबरला ते निवेदन वृत्तपत्रांकडे दिले. मंत्रिपद का सोडले, हिंदू कोड बिलाचे काय झाले, मागासवर्गीयांच्या बाबतीत काय घडले, सारे लिहून लोकांसमोर ठेवले. कोणी जाब विचारण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. त्यांचे नाव घेऊन उभे राहणाऱ्याला त्यांच्याच मापाने मोजले तर त्यात अपमान कोणता?

आता विचारावयाचे कसे, तेही धम्माने सांगून ठेवले आहे. दुसऱ्याचा दोष दाखविणाऱ्याने पाच गोष्टी पाळाव्यात. वेळ पाहून बोलावे, खरे तेच बोलावे, सौम्य शब्दांत बोलावे, हिताचे बोलावे, मनात मैत्री ठेवून बोलावे. म्हणून भर मिरवणुकीत किंवा कोणाच्या दहाव्याच्या दिवशी विचारू नका. फोनवर ऐकीव चिखलफेक पुढे ढकलू नका. सभा बोलवा, समोर बसवा, चहा द्या आणि विचारा.

विचारावयाचे ते नेमके विचारा. "समाजासाठी काय केले?" असे विचारले की तासभर भाषण मिळते. गायरानाचे विचारा. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ साली निघाला. आपल्या गावात त्याप्रमाणे किती कुटुंबांची नावे सातबाऱ्यावर लागली? किती अजून एक-ईच्या नोंदीतच आहेत? ज्यांची एक-ईलाही नोंद नाही त्यांच्यासाठी तहसीलला कोणत्या तारखेला गेलात, अर्जाची पोच कोठे आहे? २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा निघाल्या तेव्हा आपण कोठे होता? तारीख आणि कागद मागा. जो खरोखर झटला असेल त्याला हे प्रश्न आवडतील, तो पिशवीतून कागद काढील. असे कार्यकर्ते आहेत. मी पाहिले आहेत, त्यांच्या चपला झिजलेल्या असतात.

दोन गट समोरासमोर आले तर काय करावे? कोसंबीचे भिक्खू श्रावस्तीला आले तेव्हा अनाथपिंडिक आणि विशाखा यांनीही हाच प्रश्न केला होता. तथागत म्हणाले, दोघांनाही दान द्या, दोघांचेही ऐका. आणि ऐकून झाल्यावर जे धम्माला धरून बोलतात त्यांचे मत मान्य करा. घरी आलेल्या कोणालाही हाकलू नका. पण ऐकून झाल्यावर निवड तुमची.

आणखी एक अट आहे, ती सांगितल्यावाचून मी बसणार नाही. विनयात सांगितले आहे की दुसऱ्याला दोष देण्यापूर्वी आपले स्वतःचे आचरण शुद्ध आहे काय हे पाहावे. मतदानाच्या आदल्या रात्री आपल्या वस्तीत पाकिटे येतात. ज्याने पाकीट घेतले त्याचा हिशेब त्याच रात्री चुकता झाला. तो पुढाऱ्याला पाच वर्षे काय विचारणार? पुढारी हसून म्हणेल, "तुमचे तर देणे फिटले." पाकीट परत करणाऱ्या घरात त्या महिन्याला तेल-मीठ कमी पडत असेल, हे मला समजते. मी हे सोपे आहे असे म्हणत नाही. कोसंबीच्या उपासकांनाही दारी आलेल्या भिक्खूला रिकाम्या हाताने परत लावणे सोपे गेले नसेल.

बोलणे लांबले. खीर थंड होत आहे. पण आज पवारणा आहे आणि पुढाऱ्यांच्या आधी आपल्या विहारापासून सुरुवात झाली पाहिजे. या वर्षी विहाराची वर्गणी माझ्याकडे होती. म्हणून मी आपणा सर्वांसमोर हात जोडून म्हणतो, माझ्याकडून काही चुकलेले आपण पाहिले असेल, ऐकले असेल, शंका असेल, तर सांगा.

(प्रवचनकारांची टीप. एवढे बोलून मी खाली बसलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्याच उपासिका उठल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, राग धरू नका. पत्र्यावर टाकायच्या ताडपत्रीला आखाडात वर्गणी दिली. ताडपत्री आली. हिशेब वाचला न्हाई." वही माझ्या घरी होती. मुलाला सायकलवर पाठवून ती आणविली आणि सर्वांसमोर वाचली. ताडपत्रीच्या पावतीत आणि वहीत एकशे वीस रुपयांचा फरक निघाला. रिक्षाभाडे दिले होते, ते लिहावयाचे राहिले होते. पण त्याची चिठ्ठी माझ्याजवळ नव्हती. ती रक्कम माझ्या नावे लिहून घेतली. मग खीर वाढली.)